एका सुताचा फरक: भाचीच्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारचं प्रकरण

जुलै महिना, सांगलीत दोन दिवस झिमझिम चालू, आणि वर्कशॉपच्या टेबलावर भाचीच्या गिटारची बॉडी, सकाळी लॅकरचा, म्हणजे चकचकीत पॉलिशचा, हात मारलेली. चहा घेऊन परत आलो तर सगळ्या पुढच्या बाजूवर दुधावर साय धरावी तसा पांढरट थर आलेला, मधासारखा रंग खाली कुठेतरी पुसट दिसतोय. भाची काहीच बोलली नाही, नुसतं एकदा बोट फिरवून बघितलं, डोळे भरले तिचे. तीन महिन्यांची मेहनत होती ती. आणि लॅकर आजच मारायचं हा आग्रह माझा होता, तिचा नाही, हे आधी सांगून टाकतो.

पण त्या पांढऱ्या डागामुळेच दुसरी, जास्त मोठी चूक हाती लागली, जी त्याच्या दोन महिने आधी झाली होती आणि कुणाला दिसतच नव्हती. म्हणून हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहितोय, ज्यांना घरी पहिली गिटार करायचीय त्यांना कुठे थांबायचं ते कळावं.

मी फर्निचरवाला. दारं, कपाटं, किचन ट्रॉल्या, हे बावीस वर्षं करतोय. भाची डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, गिटार तीन वर्षं वाजवते. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या आली आणि म्हणाली, "मामा, आपण गिटार बनवूया का, बॉडी तू कापून दे, वायरिंग मी करते." मला गिटार वाजवता येत नाही, एक सूरही नाही, पण लाकूड आहे म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. तिला सोल्डरिंग येतं, मला रंधा येतो, म्हणजे निम्मं काम येतंच असं दोघांनी धरून चाललो. लाकूडकाम येणं आणि वाद्य करता येणं यात किती अंतर आहे ते पुढे कळलं.

हे अंतर मोजायचं माप आमच्या वर्कशॉपमध्ये आधीपासूनच होतं, सूत. आमच्याकडे सगळं इंच आणि सुतात चालतं, आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. कपाटाच्या दाराला अर्धा सूत कमी-जास्त झालं तर बिजागरीत सांभाळून घेता येतं, रंधा मारून घेता येतं, पट्टी लावता येते. बावीस वर्षं हाताला हीच सवय. गिटारला अर्धा मिलिमीटर म्हणजे खूप झालं, आणि तार सांभाळून घेत नाही, ती दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, बॉडीवर जिथे टेकते त्या ब्रिजपर्यंत सरळ जाते आणि मधे जे काही तिरकं असेल ते दाखवते.

डिझाइन आम्ही टेलिकास्टर पद्धतीचं घेतलं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, त्याने १९५० मध्ये ही सपाट बॉडीची गिटार बाजारात आणली, टेलिकास्टर हे नाव १९५१ ला मिळालं. मान, म्हणजे गिटारची लांब दांडी, चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी कसायची, बॉडी म्हणजे एक सरळ जाड फळी, वर कसलाही घुमट नाही. नवशिक्याला यापेक्षा चांगलं काही नाही, कारण एखादा भाग बिघडला तर तेवढाच सोडवून परत करता येतो, आणि आमच्या बाबतीत तेच कामी आलं. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे भाचीने सांगितलं तेव्हा मला फार धीर आला.

मान, म्हणजे नेक, आम्ही तयार विकत घेतली. काही लोक म्हणतील मग तुम्ही गिटार कसली बनवली, पण माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या गिटारला नेक घरी करायच्या भानगडीत पडू नये. त्यात ट्रस रॉडची, म्हणजे मानेचा बाक आवरणाऱ्या आतल्या सळईची खाच, बोटं दाबतात त्या बोर्डाचा गोलावा, बावीस फ्रेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या खाचा, आणि प्रत्येक खाच हिशोबाने. फ्रेटचा हिशोब असा, ६४८ मिलिमीटरच्या स्केलला, म्हणजे नट ते ब्रिज या तारेच्या लांबीला, १७.८१७ ने भागायचं, ३६.३७ येतात, तिथे पहिला फ्रेट, मग उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, असं बावीस वेळा. एक खाच चुकली की तो सूर कायमचा बेसूर. भाचीने हा हिशोब वहीत करून आलेली नेक पट्टीने तपासली, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत बरोबर ३२४ भरले. याची दुप्पट ६४८, आणि तिथेच ब्रिजच्या सॅडल, म्हणजे तार टेकायचे छोटे तुकडे, येणार. नेक कुठूनही घ्या, हे माप स्वतः घेऊन दुप्पट करा, पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

लाकडाचं म्हणाल तर माझ्याकडे दाराच्या ऑर्डरचा साग शिल्लक होता, माझा जीव त्याच्यात. पण साग जड. बॉडीची जाडी पावणेदोन इंच, म्हणजे १४ सूत, तेवढ्या आकाराचा सागाचा तुकडा तीन किलोच्या आसपास जातो आणि वर नेक, ब्रिज, चाव्या, म्हणजे पोरीच्या खांद्याला दोन तास ते वजन. वखारीत शिवणीच्या फळ्या होत्या, तीन वर्षं पडून सुकलेल्या. शिवण हलकी, फिकट रंगाची, आणि मुख्य म्हणजे सुकल्यावर फार हलत नाही, म्हणून वाद्यांना पूर्वीपासून वापरतात. कापून काढल्यावर बॉडी सव्वादोन किलो भरली, खड्डे मारल्यावर अजून कमी. नवं ओलं लाकूड मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, ते तुमच्या गिटारमध्ये सुकणार आणि जोड उघडणार.

सात-सात इंचाच्या दोन फळ्या, कडेला रंधा मारून, उजेडात धरून फट दिसत नाही इतपत जुळवून, फेव्हिकॉल लावून रात्रभर शिकंज्यात. सकाळी जोड इतका छान बसलेला की नखालाही लागेना. मी खूश. आणि इथेच घोटाळा झाला.

झालं असं की दोन फळ्यांपैकी एक फळी एका टोकाला किंचित निमुळती होती, त्यामुळे जोड बरोबर मधून न जाता थोडा तिरका गेला. बॉडीच्या आकाराची टेम्प्लेट, सहा मिलिमीटरच्या एमडीएफची, ती आम्ही फळीच्या बाहेरच्या कडेवरून माप घेऊन लावली, कारण फळी जेमतेम पुरत होती आणि मला आकार बाहेर जायची धास्ती. पण नेकच्या खड्ड्याची छोटी टेम्प्लेट लावताना समोर जोडाची रेघ आयती दिसत होती, सुंदर सरळ, मग मी ती जोडावर लावली. भाची म्हणाली होती, "मामा, परत सेंटर काढायचा का?" मी म्हटलं जोड म्हणजेच सेंटर. राउटरला, म्हणजे लाकडात खाच मारायच्या मशीनला, बेअरिंगवाला बिट लावला, चार-चार मिलिमीटरच्या टप्प्यात १६ मिलिमीटर खोल खड्डा, कडा सुरीसारख्या, नेक हाताने दाबली की टक् करून बसायची आणि बॉडी उचलली तरी पडायची नाही. इतका घट्ट बसलेला सांधा बघून आम्ही दोघांनी मान्य करून टाकलं की हे काम झालं. सांधा घट्ट होताच, फक्त तिरका होता.

पिकअपचे, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी कॉइलचे खड्डे, ब्रिजची भोकं, हे सगळं बॉडीच्या आकाराच्या टेम्प्लेटवरून. म्हणजे एकाच लाकडावर दोन वेगळ्या मध्यरेषा झाल्या आणि आम्हाला पत्ताच नाही. तारा लावून बघितल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं. पण भाचीला रंग बघायची घाई, मला फिनिशिंगची हौस, आणि रंगाआधी तारा लावायच्या, सगळं जोडून बघायचं आणि परत सोडवायचं हे आम्हाला वेळ घालवणं वाटलं.

मग जून. पॉलिश पेपर १२० पासून ३२० पर्यंत, मग स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय, मधाचा रंग, फडक्याने. शिवणीवर तो रंग फार गोड बसतो. त्यावर सँडिंग सीलरचे दोन हात आणि मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, स्प्रे गनने. दाराच्या कामाला मी तेच वापरतो म्हणून हाताला सवय. फक्त दाराची ऑर्डर पावसात आली तर मी गिऱ्हाइकाला सांगतो की पॉलिश उघडीप झाल्यावर, आणि घरच्या कामाला हा नियम मी पाळला नाही. कॉलेज सुरू व्हायच्या आत संपवू म्हणून जुलैच्या पावसात गन उचलली.

लॅकर पांढरं का पडतं ते सांगतो, कारण पुष्कळ लोक त्याला खराब माल समजून दुकानदाराशी भांडतात. लॅकर पातळ करायला जो थिनर घालतो तो फार लवकर उडतो, आणि उडताना पृष्ठभाग गार करतो, उन्हाळ्यात माठ गार होतो तसंच. हवेत ओल भरलेली असली की त्या गार झालेल्या थरावर पाणी धरतं, बारीक थेंब लॅकरच्या आत अडकतात, आणि तेच पांढरं दिसतं. माल चांगला होता, हवा चुकीची होती. हलका पांढरेपणा असेल तर कोरड्या दिवशी सावकाश उडणारा रिटार्डर थिनर अगदी विरळ मारला की वरचा थर परत मऊ होतो, पाणी निघून जातं आणि साफ होतो. आमचा थर जाड होता, एकावर एक तीन हात मी घाईत मारलेले.

आता काय करायचं म्हणून रविवारी ती बॉडी आणि नेक चादरीत गुंडाळून आम्ही मिरजेला गेलो. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर, आणि तंतुवाद्याचं काम बघायचं तर आमच्या भागात दुसरीकडे कशाला जायचं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारीचं काम धरलं, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात, आणि आजही गल्लीतून जाताना तुणाच्या लाकडाच्या दांड्या आणि भोपळे दारात वाळत ठेवलेले दिसतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या ओळखीचे एक वयस्क कारीगर आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात, माझे वडील त्यांना फळ्या द्यायचे. मला विचारायचं होतं पॉलिशचं, कारण चपडी लाख आणि स्पिरिटचं पॉलिश त्या लोकांच्या हातात जसं चढतं तसं आमच्या गनने कधी चढणार नाही.

चाचांनी बॉडी हातात घेतली, पांढऱ्या डागाकडे बघितलंसुद्धा नाही. नेक खड्ड्यात बसवायला सांगितली. मग खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, साधा पांढरा शिवायचा दोरा, नातवाला नटच्या एका कडेच्या खाचेत धरायला सांगितला आणि दुसरं टोक स्वतः ब्रिजच्या भोकांच्या त्याच बाजूला ताणून धरलं. मग दुसऱ्या बाजूने तसंच. खाली वाकून एक डोळा मिटून बघितलं आणि भाचीला म्हणाले, "पोरी, इकडं ये, बघ. दोरा इकडं बोर्डाच्या काठावर आलाय, तिकडं मोकळी जागा हाय. पांढरं-काळं नंतर बघू, आधी मान तिरकी हाय."

दोन्ही बाजूंनी पट्टी लावली. शेवटच्या फ्रेटपाशी जाड तारेच्या बाजूला दोऱ्यापासून बोर्डाच्या काठापर्यंत ५ मिलिमीटर, आणि बारीक तारेच्या बाजूला जेमतेम १. दोन्हीकडे साधारण ३-३ हवेत. म्हणजे वाजवताना बारीक तार जरा खाली ओढली की ती बोर्डावरून घसरून खाली जाणार. गिटार कितीही सुंदर चमकली असती तरी वाजवण्यालायक राहिली नसती.

घरी येऊन भाचीने हिशोब मांडला, तो मला फार आवडला. बाविसावा फ्रेट नटपासून ४६६ मिलिमीटरवर, ब्रिज ६४८ वर. शेवटच्या फ्रेटपाशी दोरा २ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त सरकलाय, तर त्याच प्रमाणात ब्रिजपाशी नेकची मध्यरेषा किती चुकलीय? ३ मिलिमीटर. मग आम्ही बॉडी उलटी केली, मागे फिकट लाकडात जोड दिसत होता, त्याच्यावर आणि बॉडीच्या खऱ्या मध्यावर पट्टी धरली. नेकच्या टोकाला दोन्ही एकावर एक. खाली शेपटाच्या टोकाला दीड सूत फरक, आणि ब्रिजच्या जागी मोजलं तर एक सूत. आकडा तंतोतंत जुळला. वहीतलं ३ मिलिमीटर आणि माझ्या पट्टीवरचं एक सूत, एकच चूक. माझ्या धंद्यात ज्याला आम्ही चूक म्हणत नाही तेवढीच.

उपाय काय काय होते ते सांगतो. ब्रिज एक सूत सरकवता आला असता, पण मग ब्रिजखालचा पिकअपचा खड्डा परत कापावा लागणार, मानेजवळचा पिकअप तारांखाली राहणार नाही, आणि जुनी भोकं ब्रिजच्या प्लेटबाहेर डोकावणार. खड्ड्यात एका बाजूला पत्र्याची पट्टी भरून नेक वळवता आली असती, असं करणारे पुष्कळ आहेत, पण सांधा मग दोन ठिकाणीच टेकतो, आणि ९-४२ च्या, म्हणजे पातळ तारांच्या, सेटची ओढ सगळी मिळून ३८ किलोच्या आसपास असते, ती दिवसरात्र त्या सांध्यावर. मला ते पटलं नाही. म्हणून खड्ड्याच्या दोन्ही भिंतींना शिवणीच्याच पट्ट्या, रेषा त्याच दिशेने ठेवून, चिकटवल्या, चोवीस तास शिकंज्यात. स्क्रूची चारही भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. लॅकर तर खरवडायचंच होतं, म्हणून रंग वाचवायचा प्रश्नच उरला नाही, आणि हे आमचं नशीब. डाग पडला नसता तर आम्ही तसंच पुढे गेलो असतो आणि तयार चकचकीत बॉडीला राउटर लावायची वेळ आली असती.

दुसऱ्यांदा मध्यरेषा काढताना फळीची कड नाही, जोड नाही, काहीच धरलं नाही. ब्रिजच्या दोन टोकांच्या भोकांचा मध्य, तिथून काटकोनात गुण्या लावून रेघ, ती वरपर्यंत नेली. नेकवर मास्किंग टेप लावून नटचा मध्य आणि शेवटच्या फ्रेटचा मध्य खूण करून घेतला. नेक खड्ड्यावर ठेवली, ६४८ चं माप लावून पुढे-मागे सरकवली, दोन्ही कडांना दोरे ताणले, भाची एका टोकाला आणि माझा मुलगा दुसऱ्या टोकाला, आणि मी नेकला बोटाने टिचक्या मारत सरकवतोय, दोन्हीकडे ३, परत बघ, ३. मग नेकला दोन्ही बाजूंनी सरळ पट्ट्या चिकटून शिकंज्याने आवळल्या, नेक उचलून घेतली, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधे राउटर फिरवला. म्हणजे टेम्प्लेट नेकनेच स्वतःची करून दिली. ही पद्धत पहिल्यापासून करायला हवी होती, तयार टेम्प्लेटपेक्षा मला ही जास्त भरवशाची वाटते कारण तुमच्या हातातली नेक पुस्तकातल्या मापाची असेलच असं नाही. खुंट्या मारलेल्या जागी नवी भोकं पाडली, तारा लावल्या, दोनच, दोन्ही कडेच्या, आणि मगच श्वास सोडला.

त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबर काहीच केलं नाही. भाचीचं कॉलेज, गणपती, माझ्या दसऱ्याच्या ऑर्डरी. बॉडी कापडात गुंडाळून माळ्यावर. तिने हवेतली ओल दाखवणारं छोटं मीटर आणून भिंतीला लावलं, आणि ठरवलं की काटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर गन उचलायची नाही. खंडेनवमीला आम्ही वर्कशॉपात हत्यारं मांडतो, रंधा, पटाशी, करवत, राउटर सगळ्यांना हळद-कुंकू, त्या वर्षी तिने ती कच्ची बॉडीही तिथे ठेवली आणि शेजारी चाचांनी दिलेलं दोऱ्याचं रीळ.

ऑक्टोबरचं ऊन तापलं, दुपारी मीटर ५० च्या खाली, तेव्हा परत सुरुवात. या वेळी सीलरचे चार हात, प्रत्येकानंतर ३२० ने घासून, कारण शिवणीला बारीक छिद्रं असतात आणि ती आधी भरली नाहीत तर लॅकर महिनाभर आत बसत जातं आणि वर खड्डे दिसायला लागतात. मग लॅकर, दिवसाला तीन पातळ हात, तीन दिवस. पातळ म्हणजे ओलसर दिसेल इतकंच, ओघळ नाही. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, थिनरची वाफ ही नाकाला रुमाल बांधून थांबत नाही, कार्ट्रिजवाला मास्क घ्या, दोनशे रुपये वाचवू नका, आणि जवळपास ग्राइंडर, देवाचा दिवा, स्विचची ठिणगी, काही नको. माझ्या धंद्यात मी खोकणारी माणसं बघितलीत.

लॅकर मारल्यावर चार आठवडे हात लावायचा नाही. बोटाला कडक लागतं पण आतून सुकलेलं नसतं, नख दाबलं की खूण उमटते. भाची रोज वास घेऊन बघायची, थिनरचा वास येतोय तोवर थांबायचं. मग ८०० चा पेपर पाण्यात भिजवून, १०००, १५००, २०००, आणि शेवटी गाड्यांना लावतात ते रबिंग कंपाउंड. खालच्या काठावर एका जागी तिचा हात जास्त पडला आणि लॅकर फाटून रंगापर्यंत गेलं, नखाएवढी जागा. सपाट भागात लॅकर जाड बसतं आणि काठावर ओढलं जाऊन पातळ, म्हणून काठाला फक्त शेवटचे दोन पेपर, तेही हलक्या हाताने. ती जागा आम्ही ब्रशने थेंब-थेंब भरली, तरी तिरप्या उजेडात दिसते.

वायरिंग पूर्ण तिचं. दोन सिंगल कॉइल पिकअप, तीन जागांचा स्विच, २५०-के ओहमचे दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एका संध्याकाळी झालं. अँप्लिफायरला लावलं तर घूंऽऽ आवाज, आणि तारांना हात लावला तरी तसाच. सिंगल कॉइल थोडा घूं करतोच, आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या लाइनचा तो आवाज, पण तारेला हात लावल्यावर कमी व्हायला हवा. तिने मल्टिमीटर काढला, जॅकचा बाहेरचा भाग आणि ब्रिज, बीप नाही. ब्रिजखाली जी अर्थची वायर येते तिचं तोंड लॅकरच्या वर नुसतं टेकलेलं, आणि वायरच्या भोकात मी सढळ हाताने मारलेलं लॅकर गेलेलं, तांब्यावर पापुद्रा. खरवडून, तारेची टोकं पंख्यासारखी पसरून, ब्रिज परत कसला. बीप. दहा मिनिटांचं काम, पण मल्टिमीटर नसता तर पिकअपला दोष देत बसलो असतो.

तारा लावल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटला खरखर. ही फ्रेटची उंची सारखी नसल्याने येते. चाचांना फोनवर ऐकवलं तर ते म्हणाले सतारीला आम्ही ही खरखर आणायला दोन दिवस घोडी, म्हणजे सतारीचा ब्रिज, घासतो, जवारी काढतो, आणि तुम्ही काढून टाकताय. खरंच आहे, वाद्य बदललं की तोच आवाज गुण होतो नाहीतर दोष. आम्ही खिडकीवाल्याकडून अॅल्युमिनियमचा सरळ सेक्शन आणला, त्याला ४०० चा पेपर चिकटवला, बोर्डावर टेप, फ्रेटच्या माथ्यावर मार्कर, आणि सगळ्या फ्रेटवरची शाई जाईपर्यंत सरळ घासलं, मग कानशीने माथे परत गोल केले. नेकचा बाक ट्रस रॉडने पाव मिलिमीटरवर आणला, मोजायला फीलर गेज गॅरेजमधून, टॅपेट सेटिंगचा. बाराव्या फ्रेटला तारांची उंची बारीक तारेला दीड आणि जाड तारेला पावणेदोन मिलिमीटर. शेवटी सॅडल, बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर, ट्यूनरवर एक येईपर्यंत, दाबलेला चढा आला की सॅडल मागे. जाड तारेची सॅडल ६४८ च्या मागे ३ मिलिमीटर जाऊन थांबली, म्हणजे तीही एक सूतच, पण ही हवी असलेली.

दिवाळीनंतर तिने पहिल्यांदा नीट वाजवली, आमच्याच वर्कशॉपमध्ये, भुशाच्या पोत्यावर बसून. मी मुद्दाम बारीक तारेकडे बघत होतो. तिने ती शेवटच्या फ्रेटपाशी जोरात खाली ओढली, तार काठापर्यंत आली आणि परत गेली.

जानेवारीत हवा एकदम कोरडी झाली तेव्हा एक दिवस म्हणाली, "मामा, नेकच्या कडेला काहीतरी टोचतंय." बोर्डाचं लाकूड थंडीत किंचित आकसलं होतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं केसभर बाहेर आलेली. आता तिला विचारायची गरज नव्हती. तिने कडेला टेप लावला, बारीक कानस तिरकी धरली, आणि एक-एक टोक करत बावीस फ्रेटच्या चव्वेचाळीस टोकांवरून बोट फिरवत बसली. मी दुसऱ्या टेबलावर कपाटाचं दार करत होतो, मिलिमीटरच्या पट्टीने.